सोलापूरच्या ताटात तलवार मासा: एका न झालेल्या खरेदीचं प्रकरण

सकाळी सहाच्या सुमाराला मुंबईच्या ट्रॅव्हल्सनं सोलापुरात सात रस्त्याला थर्माकोलचा एक खोका उतरवला. खोक्यावर इंग्रजीत तीनच गोष्टी ठसठशीत छापल्या होत्या: तलवार मासा, हार्पूननं पकडलेला, शाश्वत. ज्या हॉटेलसाठी तो आला होता, तिथल्या मेनूचा आणि खरेदीचा हिशेब मी बघतो. मालकांचा फोन आला, "सर, माल आलाय. तुम्ही येईस्तोवर उघडत नाही."

हॉटेल मटणाचं. काळ्या मसाल्याचा रस्सा, ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी. समुद्राची मासळी इथं बर्फातून येते, मुंबईहून चारशे किलोमीटर. उजनी धरणातला कटला आणि वाम शंभर-एक किलोमीटरवरून. मालकांचा मुलगा पुण्याला दोन वर्षं काढून परतला होता आणि मेनूत एक 'प्रीमियम' पान घालायचं त्याच्या डोक्यात होतं. मुंबईच्या एका पुरवठादारानं त्याला हा मासा सुचवला: भाल्यानं एकेक टिपलेला, जाळं नाही, निसर्गाला धक्का नाही. भाव किलोला साडेअकराशे. दोनशे ग्रॅमचा काप, बर्फ सुटल्यावरची घट, तेल-मसाला धरून प्लेटचा कच्चा खर्च २८०. आमच्या नेहमीच्या ३५ टक्क्यांच्या हिशेबानं प्लेट ८०० रुपयांना जाते. सोलापुरात ८०० रुपयांत घरचे तिघं पोटभर मटण खाऊन वर पान खातात. म्हणजे गिऱ्हाईक माशाला नाही, खोक्यावरच्या शब्दांना पैसे देणार होतं. ते शब्द खरे आहेत का, एवढं मला बघायचं होतं.

खोका उघडला. इंचभर जाडीचे काप, फिकट गुलाबी. प्रत्येक कापात चार भोवरे, ओंडक्याच्या कापावर वलयं दिसावीत तसे, आणि कातडीच्या बाजूला काळपट लाल पट्टा. मुशीचे, म्हणजे शार्कचे, काप कुणी खपवत नाही ना, म्हणून मी कातडीवरून बोट फिरवलं. मुशीची कातडी पॉलिश पेपरसारखी लागते, ही गुळगुळीत होती. हॉटेलचे आचारी, आमचे वस्ताद, यांनी एक काप नुसता मीठ, हळद, लिंबू लावून तव्यावर टाकला. तुकडा मोडला, चघळला आणि म्हणाले, "काय सांगलालाव सर, ह्यो मासा हाय व्हय? ह्याचा तर खिमा हुतोय."

मासा खरा होता. आता पुढचे दोन शब्द.

तलवार मासा दिवसाचा बराच वेळ खोल पाण्यात काढतो, पाचशे मीटरच्याही खाली. त्याच्या डोळ्यांजवळ उष्णता तयार करणारा एक खास स्नायू असतो. त्यानं मेंदू आणि डोळे गरम राहतात आणि गार, अंधाऱ्या पाण्यातही त्याला शिकार नीट दिसते. बाकीचं अंग मात्र गारठतं. मग शांत, उन्हाच्या दिवशी तो वर येऊन पडून राहतो, पाठीचा आणि शेपटीचा पर पाण्याबाहेर. भालेवाल्याची सगळी भिस्त या ऊन खाण्यावर. कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या नावांवर एक माणूस डोलकाठीवर चढून पाणी न्याहाळत असतो. नावेच्या टोकापुढे काढलेल्या फळीवर भालेवाला उभा. नाव हळूच माशावर आणायची आणि भाला मारायचा. भाल्याचं टोक काठीतून सुटून माशाच्या अंगात राहतं. टोकाला लांब दोर, दोराला तरंगतं पिंप. मासा पिंप ओढत फिरतो, दमतो, मग त्याला वर घेतात. तोवर नाव दुसऱ्याच्या मागे गेलेली असते.

इटलीत, सिसिली आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीत हे काम दोन हजार वर्षांहून जुनं आहे. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारानं ते वर्णन करून ठेवलंय. तिथल्या आजच्या नावा बघितल्या की आधी हसू येतं: मधोमध विजेच्या टॉवरसारखा उंच लोखंडी मनोरा, पुढे नावेच्या अंगापेक्षाही लांब काढलेला पूल. सुकाणू मनोऱ्याच्या टोकावर, भालेवाला पुलाच्या टोकावर. मासा नावेवर घेतला की त्याच्या कल्ल्याजवळ नखांनी आडव्या-उभ्या रेघा ओढायची तिथं रीत आहे. आपल्याकडं नव्या वस्तूला हळदीकुंकू लावतात त्यातलाच प्रकार. ही खूण कातडीवर असते, छापखान्यात होत नाही, म्हणून मला ती आवडली.

भाल्याची खरी करामत एकच: मासा मारण्याआधी दिसतो. लहान असेल तर सोडून देता येतो. कासव कासवासारखं दिसतं, त्यावर कुणी भाला मारत नाही. याच्या उलट लांब दोरीची मासेमारी. पन्नास-साठ किलोमीटरपर्यंत दोर, त्याला हजारावर गळ, रात्री सोडायचा आणि सकाळी ओढायचा. गळाला कोण लागलं ते दोर वर आल्यावर कळतं. मुशी, कासवं, वयात न आलेले तलवार मासे, सगळे. उत्तर अटलांटिकमध्ये १९६० च्या दशकात ही दोरी आली आणि बघता बघता भाल्याला बाजूला सारून बसली. पुढे मासे कमी झाले, लहानही होत गेले. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या शेफ मंडळींनी उत्तर अटलांटिकचा तलवार मासा मेनूवर घ्यायचा नाही अशी मोहीम चालवली. १९९९ मध्ये अटलांटिकच्या ट्यूना आयोगानं (तलवार मासाही त्याच्याच अखत्यारीत) दहा वर्षांचा आराखडा आखला, देशोदेशीचे कोटे आवळले, आणि २००९ मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं.

मुलाला मी हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा खुलला. "म्हणजे भारीच की सर." पण गोष्टीला इथं फाटा फुटतो. साठा सावरला तो कोट्यानं. त्या काळातही बहुतेक मासा लांब दोरीवरच येत होता. कॅनडाच्या स्वतःच्या कोट्यातसुद्धा भाल्याचा वाटा साधारण दहावा हिस्सा, उरलेला दोरीचा. तिथल्या भाल्याच्या मासेमारीला २०१० मध्ये एम.एस.सी. या संस्थेचं शाश्वततेचं प्रमाणपत्र मिळालं. दोन वर्षांनी, बऱ्याच हरकतींनंतर, दोरीलाही मिळालं. भाल्याचा मासा मुळात थोडा, उन्हाळ्यातल्या शांत समुद्राचा, आणि जवळच्या अमेरिकेत त्याला चढा भाव. तो गोठवून, इंच-इंच कापून, सात रस्त्याला साडेअकराशेनं उतरावा? माझा हिशेब जुळेना.

पुरवठादाराला फोन लावला. कुठल्या समुद्रातला? "इम्पोर्टेड." कुठल्या देशाचा? "बघून सांगतो." प्रमाणपत्राची साखळी असते, बोटीपासून शेवटच्या विकणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचा नंबर असतो, तुमचा नंबर काय? थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "सर, हार्पून म्हणजे एक नंबर क्वालिटी, असं समजा ना." खोक्यावर माशाचं शास्त्रीय नाव नव्हतं, मूळ देश नव्हता, आयात करणाऱ्याचं नाव नव्हतं. आयात केलेल्या अन्नाच्या पाकिटावर देश आणि आयातदार लिहावाच लागतो, म्हणजे एकतर लेबल अपुरं किंवा 'इम्पोर्टेड' खोटं. तलवार मासा आपल्या अरबी समुद्रातही सापडतो. तो इथं मुख्यतः दोरीच्या गळांवर नाहीतर जाळ्यात येतो. खोक्यातला मासा तिथलाच असेल असा माझा कयास आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त मग हार्पून लिहू नये.

खरेदी इथंच थांबली असती. पण मालकांचा पोरावर जीव. ते म्हणाले, कागद नसला तरी मासा चांगलाय, 'हार्पून' काढून टाकू, 'तलवार मासा' म्हणून विकू. तेव्हा बोलली ती त्यांची थोरली सून. ती फार्मसी शिकलेली, सातवा महिना चालू, गल्ल्यावर बसून आमचं सगळं ऐकत होती. "मामा, माझ्या डोहाळजेवणाला हे ठेवणार का? मला चालत नाही हे."

तिचं बरोबर होतं आणि माझ्या टिपणात ते आलंच नव्हतं. तलवार मासा दुसरे मासे खाऊन मोठा होतो. लहानातला पारा मोठ्यात साचत जातो. १९७१ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं लोकांना तलवार मासा खाऊच नका असं सांगितलं होतं. नंतर पाऱ्याची मर्यादा सैल झाली, पण गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुलांनी तो टाळावा हा तिथला सल्ला आजही आहे. हॉटेलच्या वरच्या मजल्यावर महिन्याला चार-पाच डोहाळजेवणं आणि बारशी होतात. प्रीमियम पान सगळ्यात आधी त्याच पंगतींत फिरणार.

यात एक अडचण अशी आहे की ती कुठल्याच लेबलावर मावत नाही. भालेवाला मोठा मासा निवडतो म्हणून समुद्राचं भलं होतं. तोच मोठा, म्हातारा मासा पाऱ्याच्या बाबतीत जास्त वाईट. समुद्राचा हिशेब आणि पोटाचा हिशेब इथं उलटे चालतात. 'शाश्वत' हा शब्द ऐकला की गिऱ्हाईक त्यातून 'तब्येतीला चांगलं' असंही ऐकतं. मीही थोडंफार तसंच ऐकलं होतं.

खोका परत गेला. जाण्यायेण्याचं भाडं हॉटेलनं सोसलं.

पण पोराचा हिरमोड झाला होता, आणि त्याचा मूळ विचार मला चुकीचा वाटत नव्हता. मी म्हटलं, भाल्याचं जे तत्त्व तुला पटलं ते शंभर किलोमीटरवर मिळतंय का बघू. पहाटे साडेतीनला गाडी काढली. उजनीच्या काठावर, करमाळा तालुक्यातल्या एका गावात, भोई समाजाचे एक काका आम्हाला मासळी देतात. पोहोचलो तेव्हा पत्र्याच्या होड्या काठाला लागत होत्या आणि पाटीत मासळी पडत होती.

सगळ्यात जास्त चिलापी. मग कटला, थोडे रोहू, एक वाम पिशवीत वळवळत. बाजूच्या दुसऱ्या होडीतून बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, जाळ्याची पाटी उतरली. पहिल्या नजरेला नुसती चांदी. मी त्यातला एक ओंजळभर ढीग बाजूला केला: बोटाएवढे कटल्याचे पोर, रोहूचे पोर, चिलापीचे पोर, आणि ओळखूही न येणारी बारीक मासळी. जलाशयात सोडलेली बोटुकली वर्ष-दीड वर्षात किलोच्या पुढं जातात. ती इथं सुकटीच्या भावानं चालली होती. काका बघत होते. म्हणाले, "ही आमची नव्हं. पर पाणी एकच हाय ना सर."

मुलानं भाल्याचं विचारलं. काका हसले. "भाला हाय की. पावसाळ्यात मरळीला मारतेत."

या प्रकरणात मी सगळ्यात जास्त शिकलो ते इथं. मरळ हवेतला श्वास घ्यायला वर येते, म्हणून भाल्याच्या टप्प्यात सापडते, अगदी त्या ऊन खाणाऱ्या तलवार माशासारखी. पण मरळ पिल्लं सांभाळते. काठाच्या उथळ पाण्यात, गवतात जोडी राहते. पिल्लांचा लालसर थवा पाण्यावर गोळ्यागत फिरतो आणि मोठी मरळ त्याच्या खाली पहारा देते. भालेवाल्याला मरळ शोधावी लागत नाही. लाल थवा दिसला की त्याच्या शेजारी थांबायचं, राखण करणारी वर आली की मारायची. एकच मासा मेला, जाळं नाही, दुसरं काही अडकलं नाही. खोक्यावर छापायला सगळं बरोबर. मग वाम, शिंगटा, बाकीची मोठी मरळ, जो येईल तो त्या बिनराखणीच्या थव्यावर ताव मारतो. कॅनडात ज्या हत्यारानं लहान मासा राखता येतो, त्याच जातीचं हत्यार उजनीच्या काठावर एका घावात अख्खं बीज संपवतं.

उलट काकांचा वामीचा गळ म्हणजे लांब दोरीच होती, पन्नासेक गळ लावलेली, रात्री सोडलेली. सकाळी ते स्वतः होडीत बसून एकेक गळ सोडवतात. लहान वाम जिवंत असते, ती पाण्यात टाकतात. दोरी वाईट आणि भाला चांगला हे माझं कॅनडाहून आणलेलं गणित काठावरच ओलं झालं.

परतीच्या वाटेवर टेंभुर्णीला चहाला थांबलो, तिथं आम्ही हॉटेलचे खरेदीचे नियम कागदावर घेतले. कटला दोन किलोच्या वरचा, मोठ्या आसाच्या जाळ्यातला. वाम गळाची, हातभरापेक्षा लहान असली तर नाही. मरळ ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत घ्यायचीच नाही, कुणी फुकट दिली तरी. चिलापीला मात्र मापच नको म्हणून मुलगा अडून बसला: ती बाहेरची जात, उजनीत माजलीय, जितकी खाऊ तितकं बरं. ऐकायला बिनतोड. पण लहान चिलापी धरायला बारीक आसाचंच जाळं लागतं आणि त्यात कटल्याचं पोरही येतं. आपण बोटभर चिलापी मागितली तर आपणच त्या पाटीचं गिऱ्हाईक झालो. म्हणून चिलापी तळहाताएवढी आणि वर. मेनूवर 'शुद्ध', 'नैसर्गिक' असला शब्द घालायचा नाही, हेही ठरलं. उजनीत पुणे-पिंपरीचं सांडपाणी येतं, हे सोलापुरात शाळकरी पोरालाही माहीत आहे. मेनूवर फक्त एवढंच: उजनीचा कटला, दोन किलोच्या वरचा.

काकांना भाव किलोमागं वीस रुपये जास्त द्यायचा. मालकांनी बरीच खळखळ केली. त्यांना वस्तादांनी गप्प केलं: मोठ्या कटल्याला काटा मोठा, तुकडा रश्श्यात फुटत नाही, डोक्याचं कालवण वेगळं विकता येतं. शाश्वततेवर मी केलेलं सगळं भाषण जिथं वाया गेलं, तिथं डोक्याचं कालवण कामाला आलं. मला याचं वाईट वाटत नाही. गिऱ्हाइकालाही आम्ही ते तसंच विकतो.

दारात वजनकाटा आणि एक शंभरपानी वही ठेवली. माल आला की वस्ताद एकेक कटला काट्यावर ठेवतात. दोनच्या खालचा निळ्या पेनानं लिहायचा आणि परत पाठवायचा. पहिल्या महिन्यात निळ्या ओळी खूप. मग काकाच तिकडं निवडून पाठवायला लागले. काही दिवस मालच आला नाही, तेव्हा मेनूतल्या त्या ओळीवर कागदाची पट्टी चिकटवली. 'आज नाही' असं गिऱ्हाइकाला सांगायला वेटरांना फार जड गेलं. त्यांच्या मते 'आज नाही' म्हणजे हॉटेल बंद पडत आलंय. काही गिऱ्हाईक पापलेट मागून मोकळं झालं, आणि ते पापलेट कुठल्या मापाचं होतं हे आमच्या वहीत नाही. तो भाग अजून तसाच पडलाय.

मोडला तो नियम गटारीला मोडला. आषाढातला शेवटचा रविवार, खाली दारापर्यंत रांग, काकांचा माल अर्धाच आलेला. मालकांनी कुणाला न विचारता मार्केटातून चाळीस किलो कटला उचलून आणला, किलो-सव्वा किलोचा. मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही वहीमुळं. वस्तादांनी त्या दिवशीही एकेक मासा काट्यावर ठेवला होता. पानभर ओळी निळ्या पेनानं, आणि 'परत' लिहायच्या रकान्यात प्रत्येक ओळीपुढं एकच शब्द: 'शिजला'.